बिऱ्हाडगाडीचा दम

मला स्थळं येऊन परत जात होती. त्याचं कारण माझा रंग नव्हता आणि माझी जीभही नव्हती, जीभ तशी आजही धारेचीच आहे. कारण होतं आमच्या दारात उभी असलेली गाडी. माधवनगरच्या आमच्या दोन खोल्यांपुढं ती अशी आडवी लावलेली असायची की आलेल्या पाहुण्यांना आधी घराचं दार शोधावं लागायचं. आणि ते सापडण्याआधीच आण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांना गाडी दाखवायला न्यायचे. मी आत पोह्यांची ताटली घेऊन उभी आणि मुलाचा बाप बाहेर गाडीखाली वाकून गिअरबॉक्स बघतोय, असं निदान तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी ते पोहे स्वतःच खाऊन टाकले.

आण्णा सतरा वर्षं मिलिटरीत गाड्यांचे मिस्त्री होते. पेन्शनीत आल्यावर आसपासच्या मळ्यांतली विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. ही गाडी म्हणजे मिलिटरीच्या लिलावातली जुनी अ‍ॅम्ब्युलन्स. तिच्या पोटात त्यांनी एक कॉट बसवली होती, स्टोव्ह ठेवायला पत्र्याचा कप्पा केला होता, छताला पाण्याची टाकी, आणि दोन्ही अंगांना मोठ्या खिडक्या. सगळी गल्ली तिला बिऱ्हाडगाडी म्हणायची. चेष्टेनं म्हणायची, पण आण्णांना ते नाव आवडलं आणि त्यांनी तेच धरलं.

ती केली होती आईसाठी. आईला दमा होता. आण्णा नोकरीत असताना तिनं एकटीनं सगळं ओढलं आणि ते घरी आले तेव्हा हिचा दमा बळावलेला. एसटीत कुणी बिडी पेटवली की तिची छाती भरून यायची, गर्दीत जीव घुसमटायचा. त्यामुळं तिचं माहेर तुटलं होतं. माहेर म्हणजे तरी कोण, तर अक्का, तिची थोरली बहीण. आईची आई लवकर गेली. अक्का लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माघारी आली आणि तिनंच आईला वाढवलं, वेणीफणी केली, लग्न लावून दिलं. ती राहायची कोयनानगरच्या वर, धरणाच्या वसाहतीपासून आणखी चार मैल चढाच्या रस्त्यानं एका वाडीवर. त्या दोघींची सहा वर्षं भेट नव्हती.

"आजवर हिला कुठं नेलं न्हाई मी," आण्णा म्हणायचे, "आता न्यायचं म्हटलं तर हिला बसवत न्हाई." म्हणून मग घरच चाकावर घातलं. वाटेत दमा लागला तर थांबायचं, स्टोव्ह पेटवायचा, गरम पाणी द्यायचं, खिडक्या उघडून तिला बसू द्यायचं. कुणाची घाई नाही, कुणाची बिडी नाही.

घोडं अडलं ते इंजिनापाशी. गाडी मूळची पेट्रोलवर चालणारी. पेट्रोल महाग झालं तेव्हा आण्णांनी ते इंजिन काढून एका जुन्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन तिथं बसवलं होतं. सपाटीला ते बरं चालायचं. चढ आला की मात्र म्हाताऱ्या बैलासारखं मान खाली घालून उभंच राहायचं.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत आम्ही पहिल्यांदा निघालो. कोयनानगरपर्यंत पोचलो, आणि वाडीच्या रस्त्याला एका मैलावर, तिसऱ्या वळणाला गाडी थांबली ती थांबलीच. आण्णांनी पुन्हा पुन्हा पहिला गिअर टाकून बघितलं. मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर उतरला, गाडीला एक फेरी मारून म्हणाला, "मिस्त्री, लय झ्याक केलीया गाडी. पर दम न्हाई हिच्यात." आण्णांनी गाडी उलटी उतरवली. आई खिडकीतून वर बघत होती. तिथनं वाडीची चार घरं दिसत होती म्हणे. मला तर झाडांशिवाय काही दिसलं नाही. माधवनगरपर्यंत तिनं तो विषय काढला नाही, आणि तिनं काढला नाही म्हणूनच आण्णांना जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्या घरात दम या शब्दाचा घोळ सुरू झाला. आण्णा गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून ओरडायचे, "आता दम कसा हाय?" आणि आतून आई म्हणायची, "बरा हाय आज, सकाळी वाईच लागला हुता." कधी उलटं व्हायचं. आई धापा टाकत बसलेली, आण्णा काळजीनं विचारायचे, "दम हाय का?" आणि मी चुलीपासून सांगायची, "काल तरी बागवानाच्या बैलगाडीनं मागं टाकलं आपल्याला." मग तिघंही हसायचो. आई हसताना खोकायची आणि आण्णा तिची पाठ चोळत बसायचे.

पौषात अक्काचं कार्ड आलं. तिला लिहिता येत नव्हतं, तिकडच्या पोस्टमास्तरांकडून लिहून घेतलं होतं. शिमगा झाला की ती मुंबईला पुतण्याच्या खोलीवर राहायला जाणार होती. एकटीनं किती दिवस काढायचे, पुतण्या बोलावतोय, जाते आपली. घराला कुलूप लावणार. जमलं तर येऊन जा, नाही जमलं तर उगीच दमू नकोस. आईनं ते कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि डब्यात ठेवलं.

"कुलूप लागल्यावर मग मी माहेरी जाते म्हणून कुणाच्या घरला जायचं?" एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी आण्णांवरच खेकसले, "नुसते बघताय काय, करा की त्या इंजिनाचं काहीतरी."

आण्णांनी शिमग्याची मुदत घेतली. इंजिन उतरवून अंगणात मांडलं. व्हॉल्व्ह घासून बसवले, डिझेलची नोजलं सांगलीला नेऊन तपासून आणली, हवेची जाळी धुतली. मी शाळेत मास्तरीण होते. सकाळी निघताना माझ्या पातळाला काळं लागलं नाही असा दिवस जायचा नाही. पोरं फळ्याकडं कमी आणि माझ्या पदराकडं जास्त बघायची.

मग आलं वजन. आण्णांनी वाण्याकडून मोठा काटा आणला आणि गाडीतली एकेक वस्तू त्याच्यावर चढवायला सुरुवात केली. आईनं माहेरी न्यायला काय काय भरलं होतं: शाळूचं पोतं, कुरडयांचा डबा, हळद, गुळाची अख्खी ढेप, आणि अक्काला पाटा नाही म्हणून चक्क पाटा-वरवंटा.

"आगं, ती घराला कुलूप लावायली आणि तू तिला पाटा नेतीस?"

"मोकळ्या हातानं जाऊ व्हय?" आई म्हणाली. "आन् तुमची ती हत्यारांची पेटी चढवा की काट्यावर. बघू तरी."

पेटी पाट्यापेक्षा जड भरली. तह असा झाला की पाटा उतरला आणि निम्मी हत्यारं उतरली. ढेपही उतरली होती, पण ती आईनं गोधडीत गुंडाळून पुन्हा कॉटखाली सरकवली. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

एवढं सगळं करूनही आण्णांचं समाधान होईना. सांगलीच्या परिसरात चढ कुठला बघायला, सगळा मुलूख ताटासारखा. मग ते गाडीत वाळूची पोती भरून बघायचे आणि मान हलवत परत यायचे. शेवटी त्यांनी जे करायचं नव्हतं ते केलं. डिझेलच्या पंपावर एक स्क्रू असतो, इंजिनात किती डिझेल जायचं ते त्याच्यावर ठरतं. तो एकदा नेमून दिला की वर सील मारतात, त्याला हात लावायचा नसतो. आण्णा म्हणजे रेशनच्या रांगेतही पुढच्याला धक्का न लावणारा माणूस. त्यांनी ते सील तोडलं. स्क्रू अर्धा आटा फिरवला, मग आणखी थोडा.

गाडी खरंच बदलली. वाळूची पोती भरून ती अशी उधळली की आण्णा कितीतरी दिवसांनी शीळ घालत घरी आले. फक्त मागून काळा धूर निघत होता. आई दारात पदर नाकाला लावून उभी होती.

"धूर लय मारती," ती म्हणाली.

"चढाला जोर लावायचा म्हंजे थोडा धूर हुनारच."

आई पदर तसाच धरून आत गेली. आज मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं होतं. पण नवरा शीळ घालतोय, त्याला कशाला अडवा, असा तिचा स्वभाव.

शिमग्याच्या दोन दिवस आधी आम्ही निघालो. कराडला चहा घेतला, पाटणला थांबून आईला जेवण आणि गोळी दिली, आणि ऊन कलायला लागलं तेव्हा कोयनानगर मागं टाकून वाडीच्या चढाला लागलो. आण्णा पुढं एकटे. आई मागं कॉटवर, उशांना टेकून. माझ्याकडं एक लाकडी ठोकळा दिलेला. गाडी थांबून मागं सरकायला लागली तर उडी मारून तो चाकामागं घालायचा. म्हणून मी मागचं दार उघडं ठेवून, दांडीला धरून, बाहेर तोंड करून बसले होते.

गाडीनं पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. दिवाळीत जिथं अडकलो होतो ते तिसरं वळणही मागं पडलं. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात पुढनं आण्णा ओरडले, "मागं दम कसा हाय?"

मी रस्त्याकडं बघत होते. रस्ता भराभर मागं जात होता. मी ओरडले, "लय हाय, दाबा!"

आण्णांनी दाबलं. काळ्या धुराचा लोट उठला आणि उघड्या दारातून सगळा आत आला. मी नाकाला पदर लावला आणि मग कधीतरी मान वळवून बघितलं. आई कॉटवर पुढं वाकून बसली होती, दोन्ही हात कॉटच्या कडेला घट्ट, तोंड उघडं, ओठ काळेनिळे. तिला हाक मारायलासुद्धा श्वास पुरत नव्हता. आण्णांनी विचारलं होतं ते तिचं विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं गाडीचं.

मी पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवलं. गाडी थांबली, मी ठोकळा घातला, तोवर आण्णा धावत आले. त्यांनी आईला दोन्ही हातांवर उचललं आणि वाऱ्याच्या बाजूला नेऊन रस्त्याच्या कठड्यावर बसवलं. मी स्टोव्ह पेटवायला गेले तर माझ्या हातून काडीच लागेना. चार काड्या मोडल्या. कसंबसं पाणी गरम करून तिला गोळी दिली. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून तिच्या छातीकडं बघत होतो. किती वेळ गेला मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं, ते मात्र सगळं लक्षात आहे.

हळूहळू तिचे ओठ निवळले. आण्णा तिच्या पायाशी रस्त्यावरच बसले होते. त्यांनी खाली मान घालून सांगून टाकलं, सील तोडल्याचं, स्क्रू फिरवल्याचं. "मला दिवाळीचं लागून ऱ्हायलं हुतं," ते म्हणाले. मी माझंही सांगितलं, की मी गाडीचा दम समजले. आईनं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"आवं," ती म्हणाली, आणि मधे एक श्वास घेतला, "दमानं घेतलं असतं तर गाव काय पळून जानार हुतं व्हय?"

आण्णा उठले. पेटीतून पाना काढला आणि स्क्रू उलटा फिरवून पहिल्या जागी आणून ठेवला. इंजिन पुन्हा दिवाळीचंच झालं. आता गाडी हलकी करण्याशिवाय इलाज नव्हता. आम्ही पोतं, डबे, स्टोव्ह, हत्यारांची पेटी, टाकीतलं पाणी, सगळं रस्त्याच्या कडेला उतरवलं. कॉटखालून गोधडीत गुंडाळलेली ढेप निघाली तेव्हा आण्णांनी ती बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि बाकीच्या सामानावर ठेवली. रस्त्याचं काम करणारा एक मैलकुली खोरं टेकून कधीचा हे बघत होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हितं, मी हाय की. सकाळी न्या."

आईला आता पुढं आण्णांच्या शेजारी बसवलं, मागचं दार घट्ट लावलं, आणि मी ठोकळा घेऊन बाजूनं चालायला लागले. आण्णांनी पहिला गिअर टाकला आणि तो काढलाच नाही. रस्ता रुंद होता तिथं गाडी या कडेकडनं त्या कडेला तिरपी घेत, चढ मोडत, माणसाच्या चालीनं चालली होती. पन्नास-शंभर पावलांवर थांबायचं. मी ठोकळा घालायची. आण्णा इंजिनाचं पाणी बघायचे आणि मग आईला विचारायचे, "तुजा दम कसा हाय?" तुजा, असं दर वेळी स्पष्ट म्हणायचे. ती "हाय" म्हणाली की पुढं. असे किती मुक्काम झाले कोण जाणे. एका थांब्याला आई म्हणाली, "ह्या झाडाखाली आमी करवंदं खायाला यायचो," आणि पुढच्या थांब्याला तिनं पाण्याचा झरा दाखवला. तिचं लहानपण असं गेलं, हे तिनं मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. चालून चालून माझे पाय मोडून आले होते, पण तो रस्ता संपू नये असंही वाटत होतं.

दिवेलागणीला आम्ही वाडीत पोचलो. अक्का अंगणात सूप घेऊन बसली होती. ती उठली नाही. गाडीतून उतरणाऱ्या आईकडं बघत नुसती बसून राहिली, आणि मग म्हणाली, "किती वाळलीस गं." आई जाऊन तिच्या शेजारी मातीतच बसली. मी बाजूला जाऊन डोळे पुसले आणि आण्णांना उगीचच सांगितलं की डोळ्यात धूर गेलाय.

तीन दिवस आम्ही राहिलो. सामान मैलकुल्यानं आणि वाडीतल्या बायांनी डोक्यावरनं वर आणून दिलं. अक्कानं पुरणपोळ्या केल्या, आईला न्हाऊ घातलं, पन्नाशीच्या आईची वेणी घातली. रोज आई एकदा विचारायची, "मुंबईला कशापायी जातीस? माझ्याकडं चल." आणि रोज अक्काचं एकच. "भनीच्या सासरी जाऊन ऱ्हायाचं? लोक तोंडात शेण घालतील." मुंबईत पुतण्याच्या एका खोलीत सात माणसं होती. तिथं तिला झोपायला जागा कुठली, ते तिलाही माहीत नव्हतं. पण पुतण्या म्हणजे सासरचं रक्त, तिथं जायला लाज नाही. आई रात्री माझ्याजवळ म्हणाली, "मी भेटायला आले, आन् आता मीच तिला लावून द्यायची."

निघायच्या दिवशी अक्कानं शेजारणीच्या हातून आईची ओटी भरवली. तिला स्वतःला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, गाठोडं दारात बांधून तयार होतं. आण्णा गाडीला फेरी मारत होते. चाकांना लाथा घालून बघत होते, मान हलवत होते. अक्का म्हणाली, "काय झालं, पावणं?"

"मोकळी गाडी उताराला धरत न्हाई, अक्का," आण्णा म्हणाले. "मागं वजन न्हाई. सगळं सामान तर हितं उतरलं. वळणावर उड्या मारंल." ते एवढ्या गंभीरपणे बोलत होते की क्षणभर मलाही खरं वाटलं. "तुमाला कराडातनंच मुंबईची एसटी धरायची हाय न्हवं? मग कराडपातूर मागं बसा की. गाडीला तेवढाच आधार."

दोन महिने काट्यावर हळदीची पुडीसुद्धा तोलून उतरवणारा हा माणूस. मी तोंड दाबून दुसरीकडं बघितलं. आई तर गाडीत जाऊन बसली होती, तिनं तोंडच बाहेर काढलं नाही.

अक्कानं विचार केला. कुणाच्या घरी राहायला जायचं नव्हतं, गाडी सांभाळायला बसायचं होतं. तिनं दाराला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि गाठोडं घेऊन मागं चढली. उतारभर ती दोन्ही हातांनी दांडी धरून नेटानं बसली होती. वळण आलं की गाडी दाबून धरल्यासारखी अंगाचा भार टाकायची.

कराडात स्टँडच्या अलीकडं आण्णांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. अक्काचं गाठोडं तिच्या मांडीवर होतं. आई खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिची बोटं अक्काच्या पदराच्या टोकाला होती, लहान पोर धरतं तशी.

अक्कानं बराच वेळ स्टँडकडं बघितलं. मग म्हणाली, "पावणं, हितनं पुढं चढ हाय का उतार?"

कराड ते सांगली रस्ता सपाट आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण आण्णा मागं न बघता म्हणाले, "उतारच हाय, अक्का. न्हाईतर कृष्णा काय उगीच सांगलीकडं वाहती व्हय?"

"मग हाका," अक्का म्हणाली, आणि गाठोडं मांडीवरनं काढून कॉटखाली सरकवलं.

ती आमच्याकडं शेवटपर्यंत राहिली, अकरा वर्षं. पण त्या दिवशी कराडात आण्णांना गाडी चालू करायला बराच वेळ लागला. इंजिनात काही बिघाड नव्हता.